सैल सोडलेली मूठ

देवळाच्या पायरीवर मला झटका आला, त्या दिवसापासून मी देवीशी बोलणं टाकलं. घरातला दिवा थोरल्या जाऊबाई लावायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा लिहिताना वाकडंतिकडं होईल. पण त्या वर्षी मी किती थकले होते ते माझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

आमचं घर शहापुरातलं, विणकराचं. मालक, म्हणजे माझा नवरा, मागावर बसायचे आणि मी रहाटावर सूत गुंडाळून त्यांच्यासाठी कांड्या भरायची. लढाईचे दिवस होते, सूत परवान्यावर मिळायचं, मिळेल ते वेळेत विणून द्यावं लागायचं. आडाजवळच्या ओल्या फरशीवर पाय घसरून माझं डोकं आपटलं, पण महिनाभर त्याचं काहीच जाणवलं नाही. मग डोकं असं ठणकायला लागलं की रहाटाचा आवाजसुद्धा सोसेना, आणि एका सकाळी उजव्या हातातून सुताची लड गळून पडली. मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून आत साकळलेलं रक्त काढलं. जीव वाचला. पण शुद्धीवर आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते, आणि उजव्या हाताची मूठ मिटलेली होती ती उघडेना. बांगड्या ऑपरेशनच्या आधीच वाढवल्या होत्या. घरी आल्यावर कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, तरी पदराखालचं बोडकं डोकं आणि ओके हात बघून गल्लीतल्या बायका नजर चुकवायच्या. एकीनं तर हळदीकुंकवाला बोलवायचंच टाळलं. नवरा धडधाकट मागावर बसलेला, आणि ह्या बायांनी मला विधवा करून टाकलं! लई राग आला, खोटं कशाला सांगू.

मग मी नवस बोलले, आई, माझ्या पायांनी तुझ्या दारी येईन आणि ह्याच उजव्या हातानं तुझी ओटी भरीन. देऊळ गल्लीच्या टोकाला, घरापासून शंभर पावलांवर. लोक डोंगर चढून देवाला जातात, माझी यात्रा एवढीशीच. तिलाही चार महिने लागले. रोज कोमट तेलानं बोटं चोळली, भिंत धरून चालले. बोटं थोडी उघडू लागली, दिवसाला दोन कांड्याही भरून झाल्या. एका शुक्रवारी जाऊबाईंच्या खांद्याला धरून निघाले, पायरीवर पाय ठेवला आणि अंग ताठलं. जाग आली तेव्हा नारळ गटारीत गेला होता, खण चिखलात पडला होता, आणि मूठ आधीपेक्षाही घट्ट मिटली होती. नखं तळहातात रुतत होती.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की असे झटके अधूनमधून येतील, औषध सोडू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. सांगायला काय जातंय! चार महिन्यांचे कष्ट पाण्यात गेले होते. मला रडूही येत नव्हतं, नुसती झोप यायची आणि झोपून उठलं की पुन्हा थकवा. निदान हात तरी ओके दिसू नयेत म्हणून मालकांनी नेहमीच्या कासाराला बोलावलं. त्यानं माझ्या मुठीशी झगडून तीन बांगड्या फोडल्या आणि मूठ सुटली की बोलवा म्हणून निघून गेला. डाव्या हातात तेवढ्या भरून घे, असं जाऊबाई म्हणाल्या. एक हात भरलेला आणि एक ओका, ते मला नको होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, बांगड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी दारात आली. निपाणीकडची आहे म्हणाली आणि पाणी मागितलं. जाऊबाई पाणी आणायला गेल्या, तेवढ्यात ती सरळ माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. तिनं माझं डोकं बघितलं, हात बघितला, पण काय झालं म्हणून विचारलं नाही. त्या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन माझा जीव विटला होता. तिनं माझी मूठ आपल्या मांडीवर घेतली, तशी मी घाबरून हात मागे ओढला.

"आगं, ओढू नगंस. तू जोर लावलास की बांगडी फुटती. ढिला सोड."

"सुटत न्हाय ती मूठ," मी म्हणाले. "चार महिने लई झटले मी."

"व्हय, झटलीस की. आता जरा बस. मूठ माझ्याकडं दे."

आता जरा बस, असं त्या वर्षात मला कुणीही म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे हिंमत धर, उठ, प्रयत्न कर. माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं ते थांबेना. ती अंगठ्याखालचं मांस दाबत होती, एकेक बोट आत वळवत होती, आणि मी रडण्याच्या नादात हाताला विसरूनच गेले. हिरवी बांगडी मनगटावर कधी उतरली ते कळलंसुद्धा नाही. तिनं दोन्ही हात भरले, वर देवीची म्हणून एकेक जास्त घातली. रीतीप्रमाणे मी तिला वाकून नमस्कार केला. पाणी पिऊन ती गेली. पुढं निपाणीच्या बाजारात दिरांनी चौकशी केली, पण अशी म्हातारी कुणालाच माहीत नव्हती. मी त्यावर काही म्हणत नाही. त्या संध्याकाळी दिवा मात्र मीच लावला, डाव्या हातानं.

हात त्यानं बरा झाला असं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा झटका आला, दोन बांगड्या पिचल्या, बोटं पुन्हा वळली. पण ह्या वेळी मी बरी व्हायची वाट बघितली नाही. तिसऱ्या दिवशी मालकांच्या हाताला धरून निघाले, मागून जाऊबाई ओटीचं ताट घेऊन, आणि वाटेत दोनदा बसले. देवीसमोर जाऊबाईंनी माझ्या वाकड्या मुठीत बोटांच्या फटीतून तांदूळ सारले. मी मूठ उघडायला जोर लावला, ती आणखीच आवळली. मग त्या म्हातारीची आठवण झाली. आई, झटले तेवढं झटले, आता हात तुझ्याकडं, असं मनात म्हणून मी खांद्यापासून सगळं सैल सोडलं. जरा वेळानं बोटं हळूच सुटली आणि तांदूळ देवीच्या ओटीत पडले.

नवस फिटला. हात अजून अर्धाच चालतो, झटकाही वर्षातून एखाददुसरा येतोच. अंग जड व्हायला लागलं की मी जमिनीवर आडवी होते, उजवा हात छातीवर घेते आणि आईला सांगते, धर बाई, मी सोडलाय.