वेळअमावस्येला थांबलेली गाडी

उज्वला बिराजदार यांना त्यांच्या अप्पांनी गाडी चालवायला शिकवली तेव्हा पहिला धडा थांबण्याचा होता, आणि नेमकं तेच त्या गाडीला नीट येत नव्हतं.

गाडी होती पन्नास वर्षांपूर्वीची, विलायतेत बनलेली. लाल रंगाची, दोनच माणसांची, छप्पर दुमडून मागे टाकता येणारी. नांदेडच्या एका कापड गिरणीच्या साहेबाने ती हैदराबादहून आणली होती. गिरणी बंद पडल्यावर ती उमरीच्या एका गोदामात पडून राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. रामलिंगअप्पांनी तिला ट्रकवर घालून लातूरला आणलं. वर्षभर खपून इंजिन असं लावलं की शेजारच्या दालमिलचे हमाल पोती टाकून ऐकायला यायचे.

अप्पा मूळचे औशाकडच्या एका खेड्यातले. तिथल्या तेलगिरणीत ते फिटर होते. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घर बसलं. गणपती बुडवून उशिरा आलेलं सगळं घर अंगणातच आडवं झालं होतं, म्हणून वाचलं. त्यानंतर अप्पांनी डोक्यावर दगड म्हणून घेतला नाही. लातुरात नांदेड रोडला भावाबरोबर जागा घेतली आणि पत्र्याचं शेड मारलं. आधी राहायला, पुढे गॅरेजला. उज्वला तेव्हा शाळेत होत्या. बाहुल्या ढिगाऱ्यात गेल्या होत्या, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर हाताशी होते.

पुढे त्यांनी नांदेडला मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं. लातुरात तेव्हा इंजिनीअर झालेल्यांना कारखान्यांच्या आधी क्लासवाले शोधत यायचे. उज्वला फिजिक्स शिकवायला लागल्या आणि चांगलं शिकवायला लागल्या. मी त्यांच्या वर्गात होतो, म्हणून माझ्या तोंडी अजून मॅडमच आहे. दुपारी घर्षणाचे नियम सांगून झाले की मॅडम स्कूटीवरून थेट शेडमध्ये जायच्या आणि ड्रेस बदलून गाडीखाली शिरायच्या. त्यांना गॅरेजच चालवायचं होतं. हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा कोणी रागावलं नाही, फक्त कोणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते काका गुरुलिंग यांनी. पण वेगळ्या अर्थाने. लातूरभर तेव्हा घराघरात भाड्याच्या खोल्या निघत होत्या. मुखेड, उदगीर, परभणीहून पोरं शिकायला येत होती आणि त्यांना खाट आणि डबा हवा होता.

"शेडात पार्टिशन टाकू," काका म्हणाले. "भंगार काढा, पोरं ठेवा. तू वर्गात शिकवायलीस, संध्याकाळी तीच पोरं हितं झोपतील. अभ्यास झोपेतबी विचारतील."

"आणि गॅरेज?"

"गॅरेज म्हणजे काय गं? तुझा बाप आणि एक मोटार. तीबी थांबंना."

हे खोटं नव्हतं. त्याच महिन्यात अप्पा उज्वलांच्या आईला, सिंधुबाईंना, शेजारी बसवून बाजारातून येत होते. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, वळणावर ब्रेकचं पेडल तळाला टेकलं. अप्पांनी गाडी दालमिलबाहेरच्या तुरीच्या भुशाच्या ढिगात घातली. सिंधुबाई उतरल्या, केसांतला भुसा झटकला आणि म्हणाल्या, "तुम्ही या मागून. मी ऑटोनं जाते."

मग ठरलं ते असं. नांदेडला दत्तोपंत देशपांडे नावाचे निवृत्त प्राचार्य होते. त्यांच्या अंगणात दोन जुन्या मोटारी होत्या आणि हैदराबादच्या जुन्या मोटारीवाल्यांत त्यांच्या शब्दाला मान होता. ते दर वेळअमावस्येला, शेतात जाऊन जेवायच्या त्या हिवाळी सणाला, बिराजदारांच्या शेतावर यायचे. उज्वला म्हणाल्या, "यंदा मी गाडी शेतावर नेते. दत्तोपंतांनी बघावं. ब्रेक त्यांना पटले तर ते आपल्या गाड्या मला देतील, हैदराबादच्याही येतील. गॅरेज चालेल."

"आणि न्हाई पटले तर?" काकांनी विचारलं.

"तर गाडी तेच घेऊन जातील. तुम्ही खाटा आणा."

गाडीच्या चारही चाकांना जुने ड्रम होते. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, त्याला आतून दाबणारे दोन पट्टे. डबा तापला की फुगतो, पट्ट्यांपासून लांब सरकतो, आणि पेडल खाली खाली जात राहतं. मॅडमनी पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायचं ठरवलं. म्हणजे उघड्यावर फिरणारी थाळी, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची. उघडी असल्यामुळे ती लवकर गार होते. अपघातात गेलेल्या एका छोट्या मोटारीच्या डिस्क मिळाल्या. त्या या गाडीला बसणार कशा, हा खरा प्रश्न होता. मॅडमनी पुठ्ठा कापून चाकाच्या आत धरून पाहिला, पुन्हा कापला, पुन्हा धरला. चौथा की पाचवा पुठ्ठा बसला तेव्हा त्याच आकाराची जाड पोलादी पट्टी व्यंकटीच्या लेथवर करून घेतली. व्यंकटी एरवी दालमिलचे रोलर करायचा.

"ताई, ह्याच्यात डाळ कुठून पडती?" तो म्हणाला.

"पडत नाही. नुसती थांबते."

जुन्या गाडीत चारही चाकांना एकाच नळीतून ब्रेक ऑइल जायचं. एक नळी फुटली की सगळंच गेलं. मॅडमनी पेडल दाबलं की ऑइल नळ्यांत ढकलणारा नवा मास्टर सिलिंडर लावून पुढची आणि मागची वाट वेगळी केली. अप्पांनी सिलिंडरातल्या रबराच्या वाट्या बसवल्या. मॅडमनी पेडल दाबून नळ्यांतली हवा काढली आणि शेडमागच्या रस्त्यावर गाडी नेली. ती अशी थांबली की अप्पांची टोपी बॉनेटवर जाऊन पडली. अप्पांनी रस्त्यावरच पेढे मागवले.

वेळअमावस्येच्या आदल्या दिवशी गाडी जड झाली. ढकलली तर हलेना. मॅडमनी मोंढ्यापर्यंत नेऊन आणली तोवर पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला. थाळीवर पाण्याचे थेंब टाकले तर तव्यावरच्यासारखे नाचले. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हते.

काका दारात उभे होते. "आता लईच थांबायली की."

मॅडमनी सिलिंडर उघडला. पेडलवरचा पाय काढला की ऑइल एका बारीक भोकातून टाकीत परत जायला हवं. आतली रबरी वाटी फुगून त्या भोकावरच बसली होती. त्यांनी वाटी नाकाशी नेली.

"अप्पा, बसवताना ह्याला काय लावलं?"

"काय लावणार? करडीचं तेल. बोटभर."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गिरणीत पंपाची वाटी तेलात बुडवल्याबिगर कोणी बसवत होतं का? कोरडी बसवली तर मालक हाकलून देईल."

"ती वाटी कातड्याची होती, अप्पा. कातडं तेलानं मऊ होतं. हे रबर आहे, फुगतं."

अप्पा खाली बसले. तिथूनच म्हणाले, "काकाला सांगू नको."

"काका दारातच आहेत."

"मी काय ऐकलं न्हाई," काका म्हणाले. "फक्त करडीचं तेल ऐकलं."

नवी रबरं लागणार होती, सगळी. आणि वेळअमावस्या म्हणजे लातुरात दुकान उघडं मिळत नाही. अख्खं शहर शेतात जातं. आदल्या दिवशीच अर्धी शटरं पडली होती, आणि उघड्या दुकानांत ते माप नव्हतं. नांदेडला मिळालं असतं. नांदेडहून उद्या येणारा माणूस एकच होता, आणि तोच गाडी बघायला येणार होता.

मॅडमनी फोन लावला. "सर, ब्रेक चिकटलेत. आमचीच चूक आहे. रबर कीट घेऊन याल का? माप सांगते."

पलीकडे दत्तोपंत हसले. "म्हणजे परीक्षेला येताना पेन मीच आणायचं?"

"हो सर. पेपर मी सोडवते."

दत्तोपंत सकाळी लवकर आले. आपली करडी, गोलमटोल विलायती मोटार स्वतः चालवत आले आणि कीट मॅडमच्या हातात दिलं. घरच्या बाया टेम्पोतून सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन केव्हाच शेतावर गेल्या होत्या. मॅडमनी सगळ्या नळ्या स्पिरिटने धुतल्या, फुगलेलं रबर फेकलं, नवं रबर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून एकेक बसवलं. अप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधून बघत होते. दत्तोपंत खुर्चीवर बसून विचारत होते, मॅडम गाडीखालून उत्तर देत होत्या. भोक कुठे, वाट कशी, मागे ड्रमच का ठेवले. शेवटी दत्तोपंतांचे प्रश्न संपले.

"तू चालव," ते म्हणाले. "शेजारी काकांना घे. मी तुझ्या अप्पांना घेऊन मागून येतो. गाडी एका बाजूला ओढते का, ते मागूनच दिसतं."

काकांच्या मांडीवर ताकातल्या, लसूण घातलेल्या आंबिलीचं मडकं होतं. बायांनी ते मुद्दाम त्यांच्यासाठी मागे ठेवलं होतं. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता.

"हळू घे," ते म्हणाले.

औसा रोड मोकळा होता. मग शेताकडे जाणारा उतार लागला. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेली ज्वारी. उताराच्या मध्यावर ज्वारीतून एक ट्रॅक्टर निघाला आणि त्याच्यामागे माणसांनी, लेकरांनी भरलेली ट्रॉली रस्त्यावर आडवी आली.

मॅडमनी पेडल दाबलं.

गाडीने नाक खाली केलं आणि सरळ रेषेत थांबली. ट्रॉलीतल्या बाईने हात पुढे केला असता तर बॉनेटला लागला असता. आंबील मात्र थांबली नाही. ती सगळी काकांच्या छातीवर, दाढीवर, कानात गेली.

मागून कर्कश आवाज आला. दत्तोपंतांची करडी गाडी मॅडमच्या गाडीच्या बाजूने घसरत गेली आणि ज्वारीत घुसली. कणसं हलली, मग शांत झाली. आतून अप्पांचा आवाज आला, "आम्ही नीट हाव."

ट्रॉलीतली बाई काकांकडे बघून म्हणाली, "काका, आंबील प्यायची असती, अंगाला लावायची न्हाई."

काकांनी कानातला लसणाचा तुकडा काढला. ट्रॉलीकडे पाहिलं. तिच्या कडेला एक लेकरू बसून ऊस खात होतं. त्यांनी त्या लेकराकडे बराच वेळ पाहिलं.

"कितीच्या वेगात होतीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही 'हळू घे' म्हणाला होतात. मी घेतलं नव्हतं."

शेतावर सिंधुबाईंनी विचारलं, "आंबील कुठाय?" काकांनी शर्टाकडे बोट दाखवलं आणि सगळी हकिगत स्वतःच सांगितली, हातवारे करून. सांगता सांगता ट्रॉली मोठी होत गेली. जेवण झाल्यावर ते अप्पांच्या शेजारी जाऊन बसले.

"रामलिंग, पोरांच्या खोल्या माझ्या माडीवर काढतो. शेडाला हात लावत न्हाई. पोरगी क्लास सोडते म्हणली तर सोडू दे."

दत्तोपंत धोतराला लागलेली ज्वारीची कुसळं वेचत होते. "उज्वला, माझ्या दोन्ही गाड्या पुढच्या आठवड्यात पाठवतो."

"दोन्ही एकदम नको, सर. आधी जी थांबत नाही ती पाठवा."

"दोन्ही थांबत नाहीत."

"मग ज्वारीतली इथंच राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "तिला मीच काढून नेते."