क्रूडच्या गाडीची ओटी

लढाई संपून मी गावी परतलो तेव्हा माझ्या कीर्तीला आमचं घर अपुरं पडू लागलं. ही कीर्ती मीच पसरवली होती, त्यामुळं तिच्याबद्दल मला खात्रीनं बोलता येतं. वाळवंटात रणगाडा बंद पडला की साहेब लोक मला हाताला धरून त्याच्याजवळ नेत, मी नुसता कान लावी आणि रणगाडा ओशाळून सुरू होई, असं मी पारावर सांगत असे. पलटणीच्या वर्कशॉपात माझं खरं काम सकाळी खिडकीतून नट-बोल्ट आवळायचे पाने वाटण्याचं आणि संध्याकाळी ते परत घेण्याचं होतं. पण चार वर्षं पाने हाताळलेल्या माणसाला इंजनातलं काही ना काही कळतंच.

माझ्या या गोष्टींवर थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, विश्वास ठेवला. दादा जन्मात खोटं बोलले नव्हते. त्यामुळं दुसऱ्याचं खोटं त्यांना ओळखू येत नसे. आष्ट्याच्या एका गुऱ्हाळवाल्यानं लष्कराच्या लिलावात एक जुनी डिझेल गाडी उचलली होती. पुढं बसायला लांब बाक, मागं उघडा हौदा. डिझेलला आमच्याकडं क्रूडच म्हणत. दादांनी आपली खिल्लारी जोडी त्याला दिली आणि गाडी घरी आणली. बोली अशी ठरली, की महिनाभरात गाडी धड चालली नाही तर सांगलीच्या बाजारात बैल परत घ्यायचे आणि गाडी त्याची त्याला द्यायची. त्यानं तिचा पत्रा आधीच बोटानं वाजवून बघितला होता. "काहील झकास व्हईल," तो म्हणाला. म्हणजे गाडी फसली तर तिच्या पत्र्याच्या कढईत गुळासाठी उसाचा रस उकळणार, आणि मी पुन्हा बैलांमागं मोटेवर.

गाडी दारात आली तेव्हा आईनं तिला भाकरतुकडा ओवाळला, पाय धुतले, म्हणजे चारी चाकांवर पाणी घातलं, आणि घरी आलेल्या लेकीसुनेसारखी तिची ओटी भरली. त्या वेळी मी भावकीतल्या मंडळींना गिअर म्हणजे काय ते समजावत होतो, त्यामुळं ओटी कुठं भरली ते बघायचं राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी गाडी आजारी पडली. जागेवर चालू ठेवली की तिला हिव भरे. ती अशी थरथरे की गोठ्यातल्या म्हशीच्या आचळातून दुधाऐवजी ताक येऊ लागलं. धूर पांढरा. मधेच दोन गचके, एक उसासा आणि चिडीचूप. जोर द्यावा तर आणखी लवकर मरे. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू होई.

आई दारातून बघत होती. म्हणाली, "सकाळी सकाळी कसंतरी हुतंय तिला. दिवस गेल्यात का काय रं?"

"आवं आई, इंजन हाय ते!"

"असंना का. बाईमाणसाची लक्षणं मला नगं शिकवू."

मी लष्करी पद्धतीनं तपास सुरू केला. चारी सिलिंडरांना क्रूड नेणाऱ्या नळ्या असतात. इंजन चालू ठेवून एकेका नळीची चाकी, म्हणजे नट, सैल करायची. जी सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर आजारी. मी चारी सैल करून बघितल्या. चारींना सारखाच फरक. म्हणजे दुखणं एकाचं नव्हतं, चौघंही उपाशी होते. मग गाळणी उघडली. आतला नमदा, म्हणजे गाळायची लोकरीची चकती, पिवळाधमक निघाला. दादांनी विचारलं, "ह्यो रंग कसला रं?" मी म्हणालो, "इलायती क्रूड असंच असतंय." दादांनी मान डोलावली. त्यांच्या मान डोलावण्यानं मला कधी कधी भीती वाटे.

शेवटी मी टाकीकडून येणारी नळी सोडली आणि तोंडानं टाकीच्या दिशेनं जोरात फुंकली. टाकीत गुडगुड झालं. नळी बसवली, हातपंपानं आतली हवा काढली, हँडल मारलं. गाडी मांजरासारखी गुरगुरली. तीन मैल. मग पुन्हा हिव.

तेव्हापासून मी दर तीन मैलांना गाडीत प्राण फुंकू लागलो. माझे गाल एवढे फुगले की न्हाव्यानं दाढीला जास्त साबण लागतो म्हणून कुरकूर केली. ओठांना क्रूडचा असा वास लागला, की मी दिव्याजवळ जांभई द्यायचं सोडलं. टाकी रिकामी करून बघावी, हे सुचलं नाही असं नाही. पण क्रूड मिळता मिळत नव्हतं, आणि दुखणं इंजनातच आहे असं मी गावभर सांगून बसलो होतो.

महिना भरला. बाजाराच्या दिवशी हौद्यात गुळाच्या ढेपा भरल्या. सांगलीच्या गणपतीला जायचं म्हणून आईही ढेपांवर बसली. दादा माझ्याशेजारी. आष्टा सोडेपर्यंत मी दोनदा फुंकलं होतं. तिसऱ्यांदा खाली उतरलो तेव्हा दादा म्हणाले, "तुज्या फुकण्यावर चालती, तर तूच टाकीत का बसत न्हाईस? क्रूड तरी वाचंल."

ते रागानं बोलले. मला मात्र त्या रागात चार वर्षांत कुठल्या साहेबानं शिकवलं नव्हतं ते दिसलं. फुंकल्यावर बरी होते, म्हणजे मी टाकीतलं काही तरी बाजूला सारतो. मी हौद्यातला क्रूडचा डबा टपावर बांधला आणि रबरी नळीनं थेट इंजनाला जोडला. टाकीशी संबंधच तोडला. गाडी एकदाही न खोकता कृष्णेच्या पुलाजवळ आली.

"इंजन चांगलं हाय, दादा," मी म्हणालो. "पाप टाकीत हाय."

पुलाअलीकडं नदीकाठी गाडी उभी केली, उरलंसुरलं क्रूड डब्यात काढलं आणि टाकीच्या रुंद तोंडातून खांद्यापर्यंत हात घातला. आधी मूठभर तांदूळ आले. मग हळकुंड. मग काळी कुळकुळीत सुपारी. आणि शेवटी तळाच्या भोकावर झाकणासारखी बसलेली अख्खी खोबऱ्याची वाटी. इंजन ओढू लागलं की ती भोकाला चिकटे, मी फुंकलं की सुटे.

आई ढेपांवरून वाकून बघत होती.

"आगं बया, ही तर म्या भरल्याली ओटी."

"टाकीत?" दादा म्हणाले.

"मग कुठं भरू? पदर न्हाई, मांडी न्हाई. झाकण उघाडं दिसलं, त्यातच भरली." मग तिचा आवाज बारीक झाला. "माज्या हातनं तिला बादलं व्हय रं?"

दादांनी महिनाभराचा राग माझ्यासाठी जमवलेला होता, तो आता कुणावर काढावा हे त्यांना कळेना.

एवढ्यात गुऱ्हाळवाला आमची जोडी हाकत पुलाकडं आला. महिनाभर त्या बैलांनी त्याला एवढ्या लाथा मारल्या होत्या, की तो तिरका चालत होता. दादांना बघून दोन्ही बैलांनी माना वर केल्या. दादांनी एकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. मला माझ्या हातात मोटेचा कासरा दिसू लागला.

"बंद पडली न्हवं?" गुऱ्हाळवाला आनंदानं म्हणाला. "घ्या तुमची जोडी. काय निघालं टाकीत?"

आईनं पदर तोंडाला लावला. खरं सांगितलं असतं तर दिवेलागणीच्या आत सगळं आष्टा तिच्यावर हसलं असतं. दादांनी बैलांकडं बघितलं, मग आईकडं. मग बैलाच्या पाठीवरचा हात काढला, ती काळी सुपारी चिमटीत धरली आणि म्हणाले, "जर्मन गोळी. लढाईतली. अडकून बसली व्हती, निघाली. गाडी आमचीच."

गुऱ्हाळवाल्यानं सुपारी तळहातावर तोलली. "लयच हलकी हाय की."

"शेवटी शेवटी त्यांच्याकडलं शिसं सपलं हुतं," मी म्हणालो. भावाला मदत करणं माझं कर्तव्यच होतं.

तो बैल घेऊन लंगडत परत गेला. बैल वळणाआड जाईपर्यंत दादा बघत उभे राहिले. मी जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण इतकी कामाची थाप मला कधी सुचली नाही, आणि घरातली सगळ्यात मोठी थाप दादांच्या नावावर आहे याची खंत आजही वाटते.

गाडीनं पुढं बरीच वर्षं आमचा गूळ वाहिला. आईनं दर दिवाळीला तिची ओटी भरली, बाकावर, मला विचारून. आणि ती खोबऱ्याची वाटी? ओटीचं खोबरं टाकत नाहीत. आईनं ती धुतली, फोडली आणि आम्हा दोघा भावांना निम्मी निम्मी दिली. पुढचे आठ दिवस तिनं आम्हाला चुलीजवळ बसू दिलं नाही.