डब्याच्या आवाजाला येणारी मगर

रामदास ओव्हाळांना हसताना पाहिलेला माणूस वाघोलीत तरी नव्हता. लेकीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी "काय काका, मजेत ना?" विचारलं, की ते म्हणायचे, "नसलो तर काय करणार आहात?" साठी उलटली, नोकरी संपली, पण राग काही रिटायर झाला नाही.

एकतीस वर्षं त्यांनी पुण्याबाहेरच्या एका खासगी प्राणिसंग्रहालयात मगरींचे कीपर म्हणून काढली. ते आता बंद पडलंय, तिथं टॉवर उभे राहिलेत. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्यांनी तिथंच घालवली. "पिंजऱ्याच्या दारात चेंगरली," एवढंच सांगायचे. आणखी खोदून विचारलं, तर वसकन अंगावर यायचे. लेक कल्याणी लहानपणापासून हेच ऐकत आली होती.

त्या डिसेंबरात कल्याणीनं बेत काढला. "बाबा, जन्मभर सिमेंटच्या टाकीतल्या मगरी बघितल्यात. आता मोकळ्या बघा."

"मगरींना माझी आठवण येत नसते," रामदास म्हणाले. पण पिशवी त्यांनी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

जावई प्रज्ञेशनं गाडी काढली आणि घाट उतरून ते कोकणातल्या एका खाडीवर पोचले. दोन्ही काठांना खारफुटीची दाट झाडी, ओहोटीनं उघडा पडलेला चिखल, आणि कडेला दगडी पायऱ्यांचा लहानसा धक्का. खालच्या पायरीवर एक बाई पाण्यात वाकून पातेल्यात तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, धूत होती. ती होडीवाल्या दशरथची बायको, राधा.

होडी निघाली. सोबत पुण्याचीच आणखी सहा माणसं होती, सगळ्यांचे मोबाइल आधीच वर. थोडं पुढं गेल्यावर दशरथनं मागं वळून हाक दिली, "राधे, परत येताना चहा लागंल गं!" राधानं वर न बघता पातेल्यावर पळी आपटली. ठण्‌, ठण्‌, ठण्‌.

"ही आमची पोच," दशरथ हसला. "हाक ऐकली की पातेलं वाजवायचं. वाऱ्यात ओरडून कोन दमंल?"

रामदास पहिल्यांदाच खूश दिसत होते. पलीकडच्या चिखलावर नऊ-दहा फुटांची मगर ऊन खात पडली होती. अंगावर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे, जबडा उघडा. टाकीतल्या मगरींचं नाक भिंतींना घासून सोलवटलेलं असायचं. हिचं नाक शाबूत होतं. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"ही तर झोपलीय यार," मागून कुणीतरी कुरकुरलं. "काही ॲक्शन नाही का?"

"आहे की!" दशरथनं पत्र्याचा डबा काढला आणि होडीच्या काठावर आपटला. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. मगर सरकन पाण्यात शिरली आणि थेट होडीकडे आली. दशरथनं कोंबडीची आतडी फेकली, जबडा फाटकन मिटला, सगळे किंचाळले, टाळ्या पडल्या.

रामदासांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद कर ते! आत्ताच्या आत्ता!"

"बाबा, प्लीज," कल्याणी कुजबुजली.

"प्लीज काय? जंगली जनावराला डबा वाजवून जेवायला बोलावतोय हा! अरे, तुझी बायको पातेलं वाजवते ना त्या पायऱ्यांवर? त्या मगरीला डबा कोणता आन् पातेलं कोणतं, काय कळणार? तिच्या लेखी ठण्‌ म्हणजे खाणं!"

"काका, तीन वर्सं चाललंय. कोनाला ओरखडाबी नाय." दशरथचाही पारा चढला. "पुन्याहून येतात आन् आमालाच खाडी शिकवतात."

"काका, चिल," टोपीवाला एक पोरगेला माणूस म्हणाला.

"तुमची अक्कल चिल झालीय तेवढी पुरे," रामदास गरजले. कल्याणीनं मान खाली घातली.

दशरथनं रागारागानं होडी वळवली. धक्का दिसू लागल्यावर इंजिन बंद करून त्यानं रोजच्यासारखी हाक घातली, "राधे, टाक गं चहा!"

ठण्‌, ठण्‌, ठण्‌.

रामदासांचे डोळे पाण्यावर होते. होडीमागून येणारी मगर वळली. नाकाडाची तेवढी रेघ पाण्यावर दिसली, सरळ पायऱ्यांकडे निघालेली. मग तीही बुडाली.

"वर या! बाई, पायरी सोडा!" रामदास बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यांचा आवाज पोचला, शब्द पोचले नाहीत. बाईनं बापडीनं हाकेला पोच दिली. ठण्‌, ठण्‌, ठण्‌.

दशरथचा चेहरा पांढराफटक पडला.

रामदासांनी त्याच्या पायाजवळचा डबा हिसकावला आणि होडीच्या काठावर असा बडवला, की पत्रा चेपला. दुसऱ्या फेरीसाठी ठेवलेली कोंबडीची अख्खी पिशवी त्यांनी पाण्यात उलटी केली. "ये इकडं! ये भवाने, इकडं ये!" ते बडवत राहिले. पायऱ्यांपासून दोन हातांवर पाणी ढवळलं. तेव्हा राधानं ते पाहिलं आणि पातेलं टाकून ती वर पळाली. मगर क्षणभर तिथंच थांबली. मग वळली आणि होडीकडे आली.

मागं टाळ्या पडल्या. टोपीवाला म्हणाला, "काका, एकदम खतरनाक! परत एकदा करा ना, व्हिडिओ हलला."

रामदासांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. त्याचा मोबाइल आपोआप खाली आला.

धक्क्याच्या वरच्या पायरीवर राधा उभी होती. दशरथ अडखळत बोलला, "तीन वर्सं काय झालं नव्हतं गं…"

"मलाही सोळा वर्षं काही झालं नव्हतं." रामदासांनी तीन बोटांचा हात त्याच्या तोंडासमोर धरला. "रविवारी लोक टाळ्या वाजवायचे म्हणून मीच मगरींना बादलीच्या आवाजावर यायची सवय लावली. एक दिवस टाकीच्या काठाशी बादली विसळत होतो. बादली सिमेंटवर आपटली, आणि ती आली."

"बाबा, दारात ना…" कल्याणी म्हणाली.

"कसलं दार! लाज वाटायची, म्हणून दार." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मीच बोलावलं होतं तिला."

राधानं नवऱ्याकडे पाहिलं. "म्हंजे रोज मी हितं वाकून बसते, आन् तू तिला जेवाया बोलवायला शिकवत होतास?"

दशरथ पायऱ्यांकडे बघत राहिला.

तिनं होडीतला तो चेपलेला डबा उचलला आणि दगडावर आपटायला हात वर नेला. मग तिची नजर पाण्याकडे गेली. हात तसाच थांबला. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज होऊ नये म्हणून तिनं तो डबा पोटाशी घट्ट धरला आणि पाय न वाजवता घराकडे निघाली.