कॅरिअर नसलेली गाडी

मी अस्सल मोटरसायकलवाला आहे, हे मी आता छाती ठोकून सांगतो. दोन वर्षांपूर्वीही सांगत होतो. तेव्हा ते खरं नव्हतं, एवढाच फरक.

पन्नाशी तोंडावर आली आणि मी केडगावातल्या आमच्या गल्लीतली सगळ्यात दणदणीत मोटरसायकल घेतली. सोबत जाकीट, हातमोजे, जाडजूड बूट. गाडी देखणी दिसावी म्हणून मागचं कॅरिअर काढून टाकलं. बायको म्हणाली, "म्हणजे बाजारातनं पिशवी आणायला नको."

"अस्सल मोटरसायकलवाला ओझी वाहत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की दाढी करतानाही मी ते आरशाला ऐकवत असे.

एका रविवारी सकाळी राळेगणसिद्धीच्या बाजूला भरधाव निघालो होतो. चढावर एक दूधवाला जुनाट मोटरसायकल धरून उभा दिसला. माझ्याच वयाचा. गाडीला दोन्ही अंगांनी दुधानं भरलेल्या किटल्या. मी थाटात थांबलो, हेल्मेटची काच वर केली.

त्यानं मला बुटापासून हेल्मेटपर्यंत न्याहाळलं. "शूटिंग हाय का हितं कुठं?"

"गाडीला काय झालं?"

"क्लचची वायर तुटली. फाट्यावरचा टँकर साडेनऊला सुटतो. पाच घरचं दूध हाय, पाव्हणं. टँकर गेला की ह्या उन्हात नासलं म्हनून समजा."

नऊ वाजून गेले होते. फाटा चार किलोमीटर. मी छाती फुगवून म्हणालो, "द्या किटल्या माझ्या गाडीवर!"

तो माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "अडकवू कशाला? कॅरिअर कुठं हाय?"

मी जाकिटाची चेन उगीचच खालीवर केली.

"असू द्या. ढकलता येतं का?"

त्याची युक्ती साधी होती. इंजिन न्यूट्रलवर चालू करायचं, गाडी पळती करायची आणि वेग आला की क्लचशिवायच गिअर टाकायचा. पण चढावर, एवढं दूध घेऊन, एकट्यानं पळती करणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. मी मागून रेटलं. गाडीनं खाडकन हिसका दिला आणि निघाली. थांबणं शक्यच नव्हतं, म्हणून तो मागं न बघता ओरडला, "मागनं या! पुढं परत ढकलाया लागंल!"

लागलं. पाचशे मीटरवर रस्ताभर मेंढरं. त्याला थांबावं लागलं. मी पोचलो, माझी गाडी लावली, उतरलो, ढकललं, पुन्हा धावत माझ्या गाडीकडे. मग रस्ता अडवून वळणारा ट्रॅक्टर. पुन्हा उतरा, ढकला, पळा. हातमोजे पहिल्या खेपेला काढले, जाकीट दुसऱ्या. तिसऱ्यांदा एक म्हैस आडवी आली तेव्हा बुटांनी माझ्या टाचा सोलल्या होत्या. मागून येऊन ठेपलेला ट्रॅक्टरवाला गंमत बघत म्हणाला, "साहेब, तुमची गाडी बरी हाय की! तुमी का पळताय?"

"पळू द्या," दूधवाला म्हणाला, "लई दिवसांनी बाहेर काढलेत त्यांना."

मी हसलो आणि दम गेला. तरी ढकललं. गिअर पडला.

फाट्यावर टँकरच्या ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. दूधवाल्यानं गाडी थेट टँकरच्या तोंडासमोर नेऊन बंद केली. शिव्या झाल्या, किटल्या उतरल्या. टँकरजवळ दूध जमा करून घेणाऱ्या संकलनवाल्यानं वास घेतला, तपासलं, मान हलवली. दूध टँकरमध्ये ओतलं जाताना मी दगडावर बसून बघत होतो. एवढा सुंदर धबधबा मी अजून पाहिलेला नाही.

"हे कोन?" संकलनवाल्यानं माझ्याकडे बोट केलं.

दूधवाल्यानं माझे धुळीनं माखलेले बूट पाहिले, घामानं चिकटलेला शर्ट पाहिला. "गाडीवाले हायेत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कॅरिअर तेवढं न्हाई."

सोमवारी कॅरिअर परत बसवलं. क्लचची एक जादा वायर सीटखाली ठेवली. रस्त्यात कुणी गाडी धरून उभं दिसलं की आता काच वर करण्याआधी मी उतरतो.

आता दर बाजाराला बायको भाजीची भरगच्च पिशवी कॅरिअरला बांधते आणि मोठ्यानं विचारते, "अस्सल मोटरसायकलवाला ओझी वाहत नाही ना हो?"

हेल्मेट घातलं की मला काही ऐकू येत नाही.