सकाळी घेतलेल्या सँडल

हे गेल्यानंतर ह्यांचे रोह्याचे मित्र महिन्यातून एकदा पेणला आमच्याकडे येत. चहा घेत आणि ह्यांच्या गोष्टी सांगत. दोघे नोकरीत असल्यापासून दर रविवारी डोंगर फिरायचे. माझी टाच घराच्या पायऱ्या उतरतानाही दुखायची, म्हणून मी घरीच पुस्तक घेऊन बसायचे.

"वहिनी, अवचितगडावर तो कसा गायचा, म्हाईत हाय?" भावजी विचारत, आणि मला नाही म्हणावं लागे. घरात ह्यांनी कधी गुणगुणल्याचंही मला आठवत नव्हतं. भावजी गेले की कप विसळताना मी तेच घोळवत राही. माझ्या वाट्याला पथ्य, औषधं आणि शेवटचे महिने आले. गाणं रोह्याला गेलं.

एकदा मी म्हणाले, "मला गडावर यायचंय."

भावजींनी माझ्या पायांकडे पाहिलं. "या की. पण ह्या चपलेवर नाय. मागं पट्टा पायजे, तळ भरीव पायजे. आणि संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय फुगतो. सकाळी नीट बसलेली मग चावते."

"हे संध्याकाळीच घ्यायचे."

"मीच शिकवलं व्हतं त्याला."

ह्यांची ही तऱ्हा मी शिकवायचे त्या शाळेतल्या इतर बाईंना किती कौतुकाने सांगितली होती. तीही ह्यांची नव्हती तर.

दुसऱ्या दिवशी चपलांच्या दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा मी बाहेर उभी होते.

दुकानदाराने मण्यांच्या, सोनेरी बकलांच्या जोडांचा ढीग काढला. हातात धरला की प्रत्येक जोड ओल्या पापडासारखा दुमडायचा.

"बाई, लेडीजमध्ये असलंच येतं. जायचंय कुठं?"

"डोंगरावर."

"मग जेन्ट्समध्ये बघा. लेडीज डोंगर चढतात हे कंपनीला कळलेलं नाय अजून."

पुरुषांच्या सँडलमधला सगळ्यात लहान नंबर मला आला. तळ बोटांपाशी वाकत होता, मध्ये घट्ट होता, टाचेखाली खोलगट गादी होती. मी उभी राहिले, दोन पावलं टाकली. टाच दुखली नाही. ह्यांच्याही सँडल याच दुकानातल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना एक जोड माझ्यासाठी आणावासा वाटला नाही, की वाटूनही आणला नाही, हे आता विचारायला कोणी उरलं नव्हतं.

रविवारी एसटीने रोह्याला गेले. गडाची वाट झाडीतून चढते. भावजी पुढे, मी मागे. निम्म्या वाटेवर सँडल करंगळीपाशी चावू लागली.

"सकाळी घेतल्यात ना?" त्यांनी वळून विचारलं.

"नाही."

ते हसले आणि चालू लागले. गडाचा दरवाजा वर दिसायला लागला तसे एका दगडावर बसले. मला वाटलं, दम खात आहेत.

"तुम्ही व्हा पुढं, वहिनी. मी हितनं वर जात नाय आता. त्याच्याबिगर गेलेलो नाय."

मी जरा थांबले. मग निघाले. वळण ओलांडून ते दिसेनासे झाल्यावर आधी पट्टे सैल केले.

वर कोणी नव्हतं. हे कुठे बसायचे ते दाखवणारं कोणी नव्हतं, आणि मीही शोधलं नाही. टाक्याच्या काठावर पाय पसरून बसले. पाण्यातून एक लहानसं कासव वर आलं, मान काढून राहिलं, मग सावकाश खाली गेलं. खाली कुंडलिका नदी चमकत होती. बराच वेळ मला ह्यांची आठवणही आली नाही.

उतरले तेव्हा भावजी उठून उभे होते.

"काय काय पायलंत?" त्यांनी लगेच विचारलं. त्या विचारण्यातली घाई माझ्या ओळखीची होती. त्यांच्यापुढे चहा ठेवताना ती माझ्यात असायची.

"वारा खूप होता."

"आन टाक्यात पानी?"

"होतं," मी म्हणाले. कासवाचं मी सांगितलं नाही.