तळहाताची फेरी

संध्याकाळी सातच्या सुमारास सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये प्रकाश मधासारखा दाटतो. खालच्या हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या गाळ्यांतून, परतलेल्या लसणाचा वास वर येत राहतो आणि रस्त्याकडेच्या मोठ्या पर्जन्यवृक्षांची पानं हळूहळू मिटू लागतात. तोवर माझ्या यादीतली कामं बहुधा उरकलेली असतात. हल्ली एकच रोज उद्यावर जात होतं: सुधीरला विचारणे.

सुधीर, माझा नवरा, जहाजावर चीफ इंजिनिअर होता. एक कान गेला, वैद्यकीय तपासणीत समुद्र बंद झाला. जवळच्याच वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागातल्या एका कंपनीनं टेबलावरचं काम देऊ केलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं आणि आमचं इथलं राहणं त्यावरच अवलंबून होतं. तो मात्र खिडकीशी बसून राही.

त्या संध्याकाळी आमची मीरा प्राचीन ग्रीकांचं नीतिशास्त्र वाचून दाखवत होती. सुरीचा सद्गुण नीट कापण्यात, डोळ्याचा नीट पाहण्यात. मग माणसाचं खास काम कोणतं? विवेकानं जगणं, आणि तेही एखाद्या दिवसापुरतं नव्हे, अंगवळणी पडेपर्यंत.

"म्हणजे जहाजाविना इंजिनिअर ही बोथट सुरी," सुधीर म्हणाला.

"नॉट लाइक दॅट लाह, बाबा," मीरा इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "इंजिनिअरचं काम वेगळं, माणसाचं वेगळं."

"माणसाच्या कामाला पगार किती?"

"आईला विचारा. तिच्या लिस्टमध्ये असेल."

मी हसले. तो उठला आणि नेहमीच्या फेरीला निघाला. इंजिनरूममध्ये प्रत्येक यंत्रावर तळहात ठेवून त्याची ऊब, त्याची थरथर जोखायची ही त्याची जुनी सवय. घरी ती फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर चाले आणि मला निरर्थक वाटे. त्या मावळत्या उजेडात मात्र कानानं सोडलेलं ऐकणं त्या हातात उतरल्यासारखं भासलं. फ्रिजवरून हात मीराच्या डोक्यावर आला, तितकाच वेळ, तितकाच सावध. ती वाचता वाचता किंचित कलली. मग माझ्या खांद्यावर.

"बेअरिंग तापलंय," तो म्हणाला. "कशानं?"

"शुक्रवारानं."

बाहेरची पानं पुरती मिटली होती. हे इंजिनिअरचं काम की माणसाचं, मला ठरवता येईना.

"उद्या कळवतो त्यांना," तो म्हणाला. काय कळवणार ते न विचारताच यादीतलं ते एक काम मी मनात खोडलं. हात अजून खांद्यावरच होता.