एकशे त्रेसष्ट फ्लेक्सवरचे शुभेच्छुक

आमच्या स्टुडिओचं नाव ‘चौकट’. पाथर्डी फाट्याजवळ शिवपुष्प अपार्टमेंटच्या तळमजल्यावर दोन गाळे, तीन कॉम्प्युटर आणि मालक दोन. एक मी, तेजल आहेर. फोन, भांडणं आणि क्लायंटला ‘नाही’ म्हणणं माझ्याकडे. दुसरा धम्मपाल गांगुर्डे. डिझाइन त्याच्याकडे आणि नसते उद्योगही त्याच्याकडेच.

धम्मपाल दिसायला इतका गरीब आहे की क्लायंट त्याला चहा पाजतात आणि ‘मॅडम जरा तापट आहेत का हो?’ असं माझ्याबद्दल त्यालाच विचारतात. तो गंभीरपणे मान हलवून हो म्हणतो. आठ वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकलेला नाही. सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याने त्याचा लोगो अकरा वेळा परत पाठवला आणि बाराव्या वेळी विचारलं, ‘हाऊ कांदा शे का लसून शे?’ धम्मपालने पहिल्या दिवशीचाच लोगो तेरावा म्हणून दाखवला. व्यापाऱ्याने पेढे आणले. मी माहेरची सटाण्याची, त्यामुळे मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. धम्मपालने दोन पेढे खाल्ले.

आमच्याकडे क्लायंटची कामं येतात ती द्राक्षांच्या खोक्यांची, लग्नपत्रिकांची, हॉटेलांच्या मेन्यूकार्डांची. पण प्रत्येक डिझाइनरला एक स्वतःचं काम हवं असतं, ज्यात ‘नाव जरा मोठं करा’ म्हणणारा कोणी नसतो. धम्मपालने अशी बरीच कामं हातात घेतली. त्याने एक देवनागरी फॉन्ट काढायला घेतला, तो पाच वर्षं ‘ठ’पाशी अडकून आहे. गंगाघाटाच्या पायऱ्यांची चित्रं सुरू केली, ती अर्ध्या पायऱ्यांवर थांबली. मी त्याला त्यावरून भरपूर चिडवलं आहे. मग त्याच्या हातून एक चूक झाली आणि तीन वर्षं पुरेल असं काम त्याला सापडलं.

ती चूक वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची. आमच्या भागात सनीभाऊ म्हणून एक भावी नगरसेवक आहेत. ते भावी होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मध्यभागी ते स्वतः, गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. गोल गोल चेहरे, प्रत्येकाखाली नाव. ही रांग लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मानाची माणसं बसवण्यासारखं असतं. फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि शेवटचे दोन कधीच वेळेवर येत नाहीत. शिवाय छपाईला जायच्या आधी कोणाचं तरी कोणाशी वाजतं आणि निरोप येतो, ‘ताई, डावीकडून तिसरा उडवा.’ तिसरा उडाला की रांगेत भोक पडतं.

असं भोक तात्पुरतं बुजवायला धम्मपाल आमच्या वॉचमनचा फोटो वापरायचा. सहादूकाका. कळवणकडचे, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. त्यांना बँकेसाठी फोटो हवे होते म्हणून यानेच आमच्या भिंतीपुढे उभं करून ते काढले होते. खाली नाव टाकायचं म्हणून ‘सहादूभाऊ’ असं लिहून ठेवलेलं. सनीभाऊंच्या वेळी खरा फोटो आलाच नाही, धम्मपाल विसरला आणि फ्लेक्स छापून फाट्यावर लागला.

सकाळी स्कूटीवरून येताना मी पाहिलं. सनीभाऊंच्या कोपराखाली, दोन सोनसाखळीवाल्यांच्या मधोमध, आमचा वॉचमन गंभीर चेहऱ्याने शुभेच्छा देत होता. मी स्टुडिओत येऊन धम्मपालला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिवसभर आम्ही फोनची वाट पाहिली. संध्याकाळी सनीभाऊंचा आला. गॉगल अजून काळा हवा होता, एवढीच तक्रार.

धम्मपालला त्या दिवशी कळलं की फ्लेक्सवर प्रत्येक माणूस फक्त स्वतःचा चेहरा शोधतो. शेजारी कोण आहे हे तो बघत नाही, आणि बघितलं तरी दुसऱ्या कोणीतरी त्याला घुसवला असणार असं धरून चालतो. मग पुढच्या फ्लेक्सवर त्याने सहादूकाकांना मुद्दाम घातलं. त्याच्या पुढच्याही. मी हात जोडले, धमक्या दिल्या, एकदा त्याचा माऊस लपवून ठेवला. तो म्हणाला, हे माझं स्वतःचं काम आहे.

तीन वर्षांत सहादूकाकांनी चार पक्षांच्या माणसांना दीर्घायुष्य चिंतलं. दहावीच्या गुणवंतांचं अभिनंदन केलं. एका पहिलवानाच्या दशक्रियेच्या फ्लेक्सवर ते शोकाकुल होते आणि त्याच खांबावर वरच्या बाजूला एका दुकानाच्या उद्घाटनाला हार्दिक शुभेच्छा देत होते. सनीभाऊंचे कट्टर विरोधक योगेशआबा, त्यांच्या फ्लेक्सवरही ते होते, आणि तिथे तर त्यांना दुसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत बढती मिळाली होती. प्रत्येक फ्लेक्स लागला की धम्मपाल रस्त्याच्या पलीकडून त्याचा फोटो काढायचा. खालून जाणाऱ्या रिक्षा, पेरूवाला, शाळेच्या पोरी, सगळ्यांसकट. एकशे त्रेसष्ट फोटो झाले. मला कबूल करायला आवडत नाही, पण ते पाहताना मी पोट धरून हसले होते आणि मग बराच वेळ एकेक फोटो बघत बसले होते. ते काम खरंच सुंदर होतं.

आता सहादूकाकांचं सांगते. पार्किंगमध्ये मीटरच्या खोक्यांशेजारी त्यांची दहा बाय आठची खोली. सोबत नात, हर्षाली. तिचे आईबाप गावी, आणि ही शिकायला आजोबांकडे. बारावी सायन्स. मीटरच्या भिंतीला टेकून ती फिजिक्स करते. गेल्या वर्षी सोसायटीचे चेअरमन निकम साहेब यांच्या डोक्यात आलं की वॉचमन काढायचा, एजन्सीचा गणवेशवाला ठेवायचा आणि खोलीत जिम करायची. त्यांनी सहादूकाकांना महिन्याची मुदत दिली. काका कोणाला काही बोलले नाहीत. हर्षालीने मात्र मला विचारलं होतं की सातपूरकडे खोलीचं भाडं काय असतं. मला माहीत होतं ते तिला सांगून उपयोग नव्हता.

आणि मग सोसायटीच्या ज्या सभेत हे मंजूर व्हायचं होतं, तिच्या दोन दिवस आधी निकम साहेबांनी चौकात सिग्नलला गाडी थांबवली आणि मान वर केली. सनीभाऊंच्या फ्लेक्सवर सहादूभाऊ. पुढच्या चौकात योगेशआबांच्या फ्लेक्सवर सहादूभाऊ. निकम साहेब निवृत्त अधिकारी आहेत, फाइल कुठून कुठे फिरते हे त्यांना चांगलं कळतं. दोन्हीकडे चालणारा माणूस म्हणजे काय, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. भरीस भर म्हणून त्याच संध्याकाळी योगेशआबांनी आमच्या गेटवर गाडी थांबवून काच खाली केली आणि ‘काका, आमच्याकडे लक्ष असू द्या’ म्हणून नमस्कार केला. सभेत वॉचमनचा विषय ‘वेळेअभावी’ पुढे ढकलला गेला. निकम साहेब आता सहादूकाकांना ‘भाऊ’ म्हणतात आणि जिम गच्चीवर करायचं ठरतंय.

इथपर्यंत सगळी गंमत होती. घोळ मीच केला. मुंबईतल्या एका मोठ्या डिझाइन प्रदर्शनाची जाहिरात पाहून धम्मपालच्या नकळत मी ते एकशे त्रेसष्ट फोटो पाठवून दिले. निवड झाली. देशभरातून फक्त नऊ जण. अख्खी भिंत देणार होते, वर्तमानपत्रांतून लेख येणार होते. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा धम्मपाल खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला आणि म्हणाला, ‘पुन्हा वाच.’ त्या माणसाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचे वडील आयुष्यभर एका कचेरीत दुसऱ्यांच्या नावाची पाकिटं वाटत राहिले. त्यांना दाखवायला म्हणून त्याने पत्राची प्रिंट काढली, रंगीत, आमच्या सगळ्यांत जाड कागदावर.

पत्रासोबत एक फॉर्म होता. फोटोतल्या माणसाची संमती हवी, सहीसह, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. म्हणजे सहादूकाकांना सगळं सांगावं लागणार होतं. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं पार्किंगमध्ये गेलो. काका लसूण सोलत बसले होते. धम्मपाल त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि चूक झाल्यापासूनचं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. माझी मान खाली.

काकांनी लसूण सोलणं थांबवलं नाही. म्हणाले, ‘मला ठाऊक हाय की.’

पहिला फ्लेक्स लागला त्याच संध्याकाळी ते हर्षालीला घेऊन बघायला गेले होते. मग दुसऱ्या दिवशी एकटे गेले. पोरीने आजोबांच्या फोटोचा फोटो काढून गावी पाठवला होता. धम्मपालने विचारलं, मग तीन वर्षं बोलला का नाहीत?

‘बोललो असतो तर तुमी काढलं असतं, सर.’

मग काकांनीच विचारलं की हे मुंबईचं पेपरात येईल का. येईल, असं मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला पुढचं दिसलं. काका हसले.

‘निकम साहेब पेपर लय वाचतो. गेटवरच उभा राहून वाचतो.’

त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मला लिहायलाच हवं. उलट हात धोतराला पुसून पेन मागितला. सर, तुमचं काम हाय, तुमी इतकी वर्सं केलंय, असं म्हणाले. हर्षालीच्या परीक्षेला अजून पाच महिने आहेत, तेवढं इथं खोलीत झालं असतं तर बरं, पण काही नाय, बघू, गावाकडून येऊन-जाऊन करेल, असंही म्हणाले. कळवणहून रोज येऊन-जाऊन. त्यांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि सही कुठे करायची ते विचारलं.

धम्मपालने फॉर्म काढून घेतला. म्हणाला, ‘राहू द्या काका, यात एक चूक आहे. मी दुरुस्त करून आणतो.’

स्टुडिओत आल्यावर मी त्याच्यावर जी घसरले ती घसरलेच. चेहरा पुसट करून पाठव म्हटलं. तो म्हणाला, मग राहतात फक्त फ्लेक्स. नाव बदल म्हटलं. तो म्हणाला, निकम साहेब नाव नाही, मिशा ओळखतील. पुढच्या वर्षी पाठवू म्हटलं, आणि मलाच माहीत होतं की पुढच्या वर्षी तिथे दुसरे नऊ जण असतील. मी त्याला मूर्ख म्हटलं. आयुष्यभर कांद्याचे लोगो काढत बसशील म्हटलं. राग त्याच्यावर नव्हताच. हर्षालीचा भाड्याचा प्रश्न ऐकूनही ते फोटो परस्पर पाठवणारी मी होते, आणि हे तो एका शब्दानेही म्हणत नव्हता.

साडेचारला त्याने काम मागे घेतो म्हणून मुंबईला मेल पाठवली. दहा मिनिटांत तिकडून एका बाईंचा फोन आला, स्पीकरवर घेतला. त्या फार चांगलं बोलल्या. हे तुमचं वैयक्तिक काम म्हणून निवडलंय, मग अडचण कोणाची, आम्ही बोलू का त्यांच्याशी, असं त्यांनी विचारलं. धम्मपालने खिडकीतून बाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये हर्षाली कॉलेजमधून आली होती आणि सॅक न काढताच आजोबांनी सोललेला लसूण वाटीत भरत होती.

‘मॅडम, सुरुवातीला ते माझंच काम होतं,’ तो म्हणाला. ‘आता क्लायंटचं आहे. आणि क्लायंटने अजून मंजुरी दिलेली नाही.’

क्लायंटशी मी बोलते, नंबर द्या, असं बाई पुन्हा म्हणाल्या. आठ वर्षं क्लायंटच्या नावाने खडे फोडणाऱ्या मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि सांगितलं की नंबर मिळणार नाही, आमचे क्लायंट बारावीचा अभ्यास करताहेत.